पहिल्यांदाच कॉनला टेबल मिळालंय, कॉमिकच्या किती प्रती छापू?

चौकटराणी:
मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. नोकरी करून रात्री बसून बसून दोन वर्षांत एक कॉमिक पूर्ण केलंय, ३० पानी, आतून काळं-पांढरं आणि कव्हर रंगीत, दीपस्तंभावर राहणारी आजी आणि तिच्या नातीची गोष्ट. सगळं ओरिजिनल, फॅनआर्ट (दुसऱ्याच्या प्रसिद्ध पात्रांची चित्रं) नाही. सहज म्हणून एका कॉनच्या (कॉमिकप्रेमींच्या मेळाव्याच्या) आर्टिस्ट ॲलीला, म्हणजे कलाकार स्वतःचं काम विकतात त्या भागाला, अर्ज टाकला होता तर चक्क अर्धं टेबल मिळालं, दोन दिवसांचं, आणि आता हातपाय गार पडलेत.

छापखान्यात विचारलं तर ते म्हणतात ५०० घेतल्या तर एक प्रत १०० प्रतींच्या दराच्या निम्म्यात पडेल. मला मोह होतोय. टेबलाचं भाडं म्हणजे माझ्या ३५ प्रतींची विक्रीची किंमत, म्हणजे ३५ गेल्या की भाडं सुटलं आणि पुढचा सगळा फायदा, असा हिशोब मांडलाय, बरोबर आहे ना? शिवाय ज्याला त्याला विचारलं तो म्हणतो ओरिजिनल कोण घेतंय, चार फॅनआर्टचे प्रिंट लाव, तेच खपतात. आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम म्हणजे मला अनोळखी माणसांशी बोलताच येत नाही, दुकानात वस्तू परत करायची असली तरी मी बहिणीला पाठवते. तर सांगा, कुठून सुरुवात करू?

जुनी_निब:
अगं आधी अभिनंदन! ३० पानं पूर्ण करणं हेच किती जणांना जमत नाही, माझ्याकडेच तीन अर्धवट पडलीत.

आता हिशोब. ३५ प्रतींनी भाडं सुटत नाही, त्या प्रती तुला फुकट छापून मिळाल्यात का? समज किमतीचा एक तृतीयांश छपाईत गेला (कमी प्रतींना बहुतेक तेवढा जातोच) तर प्रत्येक प्रतीमागे हातात राहतात दोन तृतीयांश, म्हणजे नुसत्या भाड्यासाठी ५३ प्रती विकायला लागतील. दोन दिवस, रोज आठ तास धरले तर दर अठरा मिनिटांना एक. ऐकायला सोपं वाटतं पण सकाळचा पहिला तास लोक नकाशा बघत फिरत असतात, दुपारी मोठ्या स्टेजवर काही असलं की ॲली ओस पडते, आणि शेवटच्या तासाला सगळ्यांच्या पिशव्या भरलेल्या आणि पाकिटं रिकामी. प्रवास, राहणं यात धरलेलंच नाही. पहिल्या कॉनला भाडं निघालं तरी जिंकलीस असं समज, मला तिसऱ्या वेळी निघालं.

५०० अजिबात छापू नकोस. ऑफसेट छपाईत प्लेटा (पानांचे साचे) बनवायचा खर्च एकदाच असतो, तो जास्त प्रतींवर वाटला जातो म्हणून दर खाली येतो, छापखानेवाला खोटं बोलत नाहीये, पण न विकलेली प्रत कितीही स्वस्तात पडली तरी ती कपाटावरच बसते ना. डिजिटलवर (प्लेटांशिवायची छपाई) १०० काढ, प्रत महाग पडेल, पडू दे. वजनाचंही बघ, ए५ साइझ, ३२ पानं, १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागद आणि जाड कव्हर धरलं तर एक प्रत साधारण ८० ग्रॅम, १०० प्रती म्हणजे ८ किलो, ५०० म्हणजे ४० किलो. ते जाताना उचलशील उत्साहात, येताना काय करशील?

टर्टल_पंखा:
जरा उलट बोलतो. टीनेज म्युटंट निंजा टर्टल्सचा पहिला अंक १९८४ मध्ये ईस्टमन आणि लेअर्ड या दोघांनी स्वतःच काढला होता, टॅक्स रिफंडचे पैसे आणि काकांकडून घेतलेलं कर्ज, आणि सुमारे ३००० प्रती छापल्या. आणि काळा-पांढराच होता. तेव्हा १०० वर घाबरणारे...

जुनी_निब:
त्यांनी उरलेल्या पैशातून कॉमिक्सच्या धंद्यातल्या साप्ताहिकात जाहिरातही दिली होती आणि ती बघून डिस्ट्रिब्यूटरांचे फोन आले, हे सांगायचं राहिलं तुझं. त्या प्रती दुकानांमध्ये गेल्या, अर्ध्या टेबलावरून नाही खपल्या. हिच्याकडे डिस्ट्रिब्यूटर असेल तर मी म्हणेन ३००० छाप.

कटमार्क:
किती छापायच्या हे वर आलंय, मी काय छापायचं ते बोलतो, कारण लोक इथेच आपटतात.

३० पानं म्हणजे कव्हर सोडून का? मधे पिन मारून बांधायचं असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे ३२. दोन पानं वाढवावी लागतील, आणि इथे एक गंमत आहे, गोष्टीत कुठे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र आहे का? असेल तर ते डावीकडे सम आणि उजवीकडे विषम पानावरच यायला पाहिजे. तू सुरुवातीला एकच पान घातलंस, नावाचं वगैरे, की पुढचं सगळं एकाने सरकतं आणि तुझं पसरलेलं चित्र अर्धं एका पानावर आणि अर्धं पान उलटल्यावर. घालायची तर दोन्ही पुढे घाल नाहीतर दोन्ही मागे. मी म्हणेन मागे, एकावर कच्ची स्केचेस टाक आणि एकावर पुढचा भाग कुठे वाचायला मिळेल ते.

काळी-पांढरी लाइन असेल तर ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केलवर, म्हणजे राखाडी छटांवर, थांबू नकोस, ६०० ला शुद्ध काळ्या-पांढऱ्यात दे, नाहीतर निबच्या रेघेच्या कडा भुरकट येतात. राखाडी छटेसाठी ठिपक्यांचे टोन वापरले असशील तर फायनल साइझलाच लाव, ए४ वर टोन लावून मग फाइल ए५ ला लहान केलीस की राखाडी भागात लाटालाटांची नक्षी उठते, ती स्क्रीनवर नीट दिसतही नाही, कागदावर दिसते. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेव, चार रंगांच्या मिश्रणात नको, एक प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला सावली येते. कव्हर सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) करून बघ, तुझा समुद्र जर झगझगीत निळा असेल तर तो जांभळट होणार हे आत्ताच मनाशी धरून चाल.

आणि ब्लीड (कापताना जाणारी बाहेरची जादा कड) ३ मिमी सगळे सोडतात पण आतल्या बाजूची सुरक्षित जागा विसरतात. माझ्या पहिल्या पुस्तकात संवादाचे फुगे मी कडेला चिकटवले होते, कटिंगमध्ये मशीन एखाद मिलिमीटर इकडेतिकडे होतंच, आणि एका पात्राचं "मी नाही मारलं त्याला" होतं त्यातलं "मी ना" गेलं. उरलं "ही मारलं त्याला". ६० प्रतींत हाताने फुगा पुरा केला, पांढऱ्या शाईने, रात्री दोन वाजता, कॉनच्या आदल्या दिवशी. एक प्रूफ प्रत मागव, हातात घे, मगच बाकीचं.

रंगीत_गोंधळ:
फॅनआर्टबद्दल. मी विकते, लपवत नाही. खपतं हेही खरं, कारण ओळखीचा चेहरा लांबून दिसला की पाय आपोआप थांबतात, तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. पण दोन गोष्टी डोक्यात ठेव. ते पात्र तुझं नाही, हक्क दुसऱ्याचे, आणि मालक आज गप्प आहे म्हणजे त्याने परवानगी दिली असं होत नाही. कॉनचे नियम आधी वाच, काहींना ओरिजिनल कामाचा काही हिस्सा लागतोच. जपानमध्ये कोमिकेटला दोजिन्शी म्हणजे स्वतः छापलेल्या पुस्तकांचा एवढा मोठा बाजार भरतो, डिसेंबर १९७५ ला ३२ गटांवर सुरू झालेला, आता हजारोंनी असतात, आणि त्यात दुसऱ्यांच्या पात्रांवरचं काम भरपूर, पण तिथेही ते बरंचसं डोळेझाकीवर चालतं, कायद्याने हक्क म्हणून नाही.

दुसरं म्हणजे प्रिंट घेणारा माणूस त्या पात्राचा फॅन असतो, तुझा नाही. मी चार वर्षं फक्त प्रिंट विकले, पैसे बरे सुटले, आणि पाचव्या वर्षी स्वतःचं कॉमिक ठेवलं तर जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही उचललं नाही. नुसतं विचारायचे, या वर्षी अमुकतमुकचं नाही का केलं? तेव्हा रडले होते मी टेबलाखाली वाकून, टेप शोधतेय असं दाखवत. तुझ्याकडे आजी आणि दीपस्तंभ आहे ना, त्याचेच दोन प्रिंट कर की मोठे.

जुनी_निब:
+१. आणि ते प्रिंट आडवे टेबलावर पसरून ठेवू नकोस, उभे लाव, डोळ्यांच्या उंचीला. गर्दीत पाच फुटांवरून टेबलाचा पृष्ठभाग कुणालाच दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते.

गुपचूप_बसलेला:
बोलता येत नाही याबद्दल मी बोलू शकतो कारण मी तोच आहे. पहिल्या कॉनला मी दोन तास मान खाली घालून चित्रं काढत बसलो, वाटलं लोकांना कलाकार काम करताना बघायला आवडेल, तर लोक मला डिस्टर्ब नको म्हणून पुढे जात होते. शेजारच्या ताईंनी शेवटी सांगितलं, अरे उभा राहा. खुर्चीवर बसलं की तू टेबलामागे गायब होतोस आणि समोरच्याला वाकून बोलावं लागतं. उभा राहिलो, तर फरक पडला, खरंच.

मग एक वाक्य पाठ कर, फक्त एक. कुणी पुस्तकाकडे दोन सेकंद बघितलं की तेच म्हणायचं. माझी चूक ही की मी अख्खी कथा सांगायला लागायचो, "म्हणजे काय आहे की एक राज्य असतं आणि तिथे तीन घराणी", तोपर्यंत माणूस नजरेने निघायची वाट शोधत असायचा. तुझं तर तयारच आहे, आजी दीपस्तंभ सांभाळते आणि एका रात्री दिवा लावायला नकार देते, असलं काहीतरी. (गोष्ट मला माहीत नाही, मी आपलं ठोकून दिलं.) आणि पुस्तक हातात दे. नमुना प्रत वेगळी ठेव, तिच्यावर मोठ्ठं नमुना लिही, ती मळणार, कोपरे दुमडणार, मळू दे. माणूस चाळत असताना गप्प बस!! हे सगळ्यात अवघड. बरेच लोक मधलंच कुठलं तरी पान उघडतात, पहिलं नाही, त्यामुळे मधली पानं चांगली असलेली बरी, पण ते आता काय बदलणार म्हणा.

"फिरून येतो" म्हणणारे बहुतेक येत नाहीत. मनाला लावून घ्यायचं नाही. त्यांना छोटं कार्ड दे ज्यावर चित्र आहे आणि कुठे वाचता येईल ते आहे.

अवांतर: किंमत अशी ठेव की सुटे द्यावे लागणार नाहीत, आणि तरीही सुटे ने. गर्दीत नेटवर्क झोपतं आणि ऑनलाइन पेमेंट गोल गोल फिरत राहतं. खायला कोरडं ने, तेलकट बोटांनी स्वतःच्याच प्रती खराब केल्यात मी.

चौकटराणी:
बापरे, एवढं सगळं! कटमार्क, पसरलेलं चित्र आहे, १४-१५ वर, आणि मी सुरुवातीला नावाचं एक पान घालणारच होते, वाचले थोडक्यात. गुपचूप, माझी आजी खरंच दिवा लावायला नकार देते, तुम्हाला कसं कळलं??? १०० प्रती डिजिटलवर ठरवल्यात. येऊन सांगते.

चौकटराणी:
आले. घसा बसलाय म्हणून टाइप करणंच बरं.

४६ प्रती गेल्या, दीपस्तंभाचे १९ प्रिंट, आणि ७ स्केच, ती मी ठरवलीच नव्हती, एकाने विचारलं म्हणून एक काढलं आणि मग रांग लागली, दुसऱ्या दिवशी मनगट इतकं दुखलं की पाटी उलटी करून ठेवली. भाडं सुटलं. प्रवास नाही सुटला. प्रत्येक विक्रीला वहीत रेघ मारत होते, चार उभ्या एक आडवी, त्यामुळे दिसतंय की पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फक्त ५ गेल्या होत्या. मी बसलेली होते. (हो हो, माहितीये.) मग उभी राहिले आणि ते एक वाक्य म्हणायला लागले, पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, समोरचा म्हणाला काय?, परत म्हटलं, त्याने घेतलं. दुसऱ्या दिवशी झोपेत पण म्हणाले असते.

एक गोष्ट सांगायची राहिली तर झोप येणार नाही. पहिल्या दिवशी एक मुलगी, असेल अकरा-बारा वर्षांची, नमुना प्रत उभ्या उभ्या अख्खी वाचून गेली, वीस मिनिटं, मागे लोक अडत होते, आई हाक मारत होती. घेतलं नाही. मला जरा रागच आला होता खरं सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या एकटीच आली, मुठीत चिल्लर, मोजून ठेवली टेबलावर आणि विचारलं, नात शेवटी दिवा लावते तेव्हा आजी जागी असते की झोपलेली, कारण चित्रात डोळा एकाच रेघेचा आहे. मी ते पान दोन वर्षांत शंभरदा बघितलंय आणि मला उत्तर देता आलं नाही.

कटमार्क:
कुठलं पान? २९? स्कॅन टाक बघू. आणि उरलेल्या ५४ प्रती पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या ठेव, उभ्या ठेवल्यास तर वाकतील.