मदत हवी आहे: एका सेन्सरवर अनेक क्रॉप, ड्रायव्हरमधे कसं बसवायचं?

मंडळी, जरा अडकलोय. सीएमव्ही४००० या कॅमेरा सेन्सरसाठी व्हिडिओ फॉर लिनक्स २ चा (लिनक्समधे कॅमेरे वगैरे चालवायचा इंटरफेस) ड्रायव्हर लिहितोय. सेन्सर २०४८ बाय २०४८ चा आणि एका फ्रेममधे ८ पर्यंत वेगळ्या विंडो (क्रॉप, म्हणजे चित्राचे हवे तेवढेच भाग) वाचून देतो, म्हणजे समजा चित्रात बाटली असेल तर तिचं झाकण आणि खालचं लेबल एवढ्याच ओळी घेतल्या की मधलं सगळं वाचावं लागत नाही आणि फ्रेमरेट मस्त वाढतो. पण सिलेक्शनच्या स्ट्रक्टमधे (अ‍ॅप ज्यातून ड्रायव्हरला कुठला भाग हवा ते सांगतं) आयत एकच! लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट, संपलं.

माझ्या डोक्यात असं आहे की त्याच स्ट्रक्टच्या शेवटी जे ९ रिझर्व्हड (पुढच्या वापरासाठी राखून ठेवलेले) ३२ बिट शब्द आहेत त्यातून एक काउंट आणि आयतांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर काढायचा, काउंट शून्य असेल तर जुनंच वागणं, म्हणजे जी जुनी अ‍ॅप्स रिझर्व्हड शून्य ठेवतात ती मोडणार नाहीत. फक्त ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिट कर्नलवर चालवला की पॉइंटरची साइज बदलते, ते वेगळं सांभाळावं लागेल.

खरी गोची पुढेच आहे. एक आयत बसत नसेल तर ड्रायव्हर जवळचं माप करून परत देतो, पण दोन आयतं एकमेकांवर आली तर काय करू, सरकवू, एकत्र करू की सरळ एरर देऊ? मला एररच बरी वाटते, गुपचूप सरकवलं तर लेबल कुठल्या ओळीपासून सुरू होतं तेच अ‍ॅपला कळणार नाही. की हे सगळं सोडून अ‍ॅरे कंट्रोल (एकाच सेटिंगमधे अनेक किमती) करू? कोणी केलंय का असं काही, प्लीज सांगा.