मदत हवी आहे: बर्फाळ जोडीची कक्षा काही केल्या बसत नाहीये

कोथरूडची_कुइपर: नेपच्यूनपलीकडची एक बर्फाळ जोडी आहे, एकमेकींभोवती फिरणारे दोन गोळे, तिची कक्षा काढायचीय. निरीक्षणांवर कक्षा बसवून बघितली (फिट मारला) की कधी पीरियड, म्हणजे एका फेरीचा काळ, १५ दिवस, कधी १०, कधी ७.५ आणि तिन्ही तितकेच झक्कास बसतात. शुक्रवारी दुर्बिणीचा वेळ मागायचं प्रपोजल जायचंय, सरांचा फोन उचलायची हिंमत नाहीये. पुढचं निरीक्षण कधीचं मागू? लवकर सांगा प्लीज.

पेठेतला_केप्लर: कुठली दुर्बीण? किती निरीक्षणं? किती दिवसांच्या अंतराने? ज्योतिषीसुद्धा आधी जन्मवेळ विचारतो हो.

ढगाळ_मावळा: गिरवलीला आयुकाची (पुण्याची खगोलसंस्था) २ मीटरची दुर्बीण आहे की, हबल कशाला हवं दरवेळी.

पेठेतला_केप्लर: नाही जमणार. हवेमुळे एकेक ठिपका साधारण विकलाभर (अंशाचा ३६०० वा भाग) पसरतो आणि या जोड्यांत अंतर बहुतेकदा त्याहून कितीतरी कमी. प्लूटोचा चंद्र शॅरन एवढा ठळक, तरी १९७८ साली फोटोत प्लूटोला आलेलं टेंगूळ म्हणूनच सापडला.

खोडद_रिटर्न: जीएमआरटी, खोडदची रेडिओ दुर्बीण? ३० अँटेना आहेत, आमची ट्रिप गेली होती. वाटेत नारायणगावची मिसळ चुकवू नका.

कोथरूडची_कुइपर: अहो मिसळ काय! डेटा हबलचाच आहे, ते उघडच आहे ना. तीन निरीक्षणं, बरोब्बर ३० दिवसांनी एक, आणि तिन्ही फोटोंत जोडीदार जवळपास त्याच जागी, म्हणजे डेटा चांगलाच आहे.

पेठेतला_केप्लर: इथेच घोडं पेंड खातंय! ३० दिवसांत त्याने दोन फेऱ्या मारल्या, तीन मारल्या की चार, तुम्हाला कळणारच नाही. शिवाय एका निरीक्षणातून जोडीदाराच्या जागेचे दोन आकडे मिळतात (आडवं आणि उभं अंतर), तिनाचे सहा, आणि कक्षेला लागतात सात.

ढगाळ_मावळा: प्रकाशाला यायला सहा तास लागतात, ते वजा केलेत का आधी?

पेठेतला_केप्लर: तिन्ही वेळा सहाच लागतात हो, पृथ्वी इकडची तिकडे झाली तरी आठेक मिनिटं मागेपुढे. त्याने १५ चे १० होत नाहीत. ताई, बसणाऱ्या सगळ्या कक्षा पुढे पळवा आणि ज्या दिवशी त्या एकमेकींपासून सगळ्यात लांब जातील तो दिवस मागा. उदाहरणार्थ ३० च्या कुठल्याही पटीनंतर आणखी ५ दिवसांनी. कक्षा गोल धरली तर १५ वाला तेव्हा एक तृतीयांश फेरीवर, १० वाला बरोब्बर समोर, ७.५ वाला दोन तृतीयांशावर.

ढगाळ_मावळा: तरी आरशातली उलटी कक्षा (आकाशात तशीच दिसणारी, पण उलट बाजूला कललेली) उरतेच, ती जायला काही वर्षं थांबा.

पेठेतला_केप्लर: उरू दे. ताईंना वस्तुमान हवं असणार, त्याला पीरियड आणि अंतर पुरतं.

कोथरूडची_कुइपर: हो, वस्तुमानच! थँक्यू, ५ दिवसांचं लिहितेय. दोघंही सारखेच तेजस्वी आहेत, त्याने काही फरक नाही ना पडत?

पेठेतला_केप्लर: अहो!! हे आत्ता सांगताय? मग तिन्ही वेळा त्या जागी जोडीदारच होता कशावरून? दोघांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे ३० दिवसांत दीड किंवा अडीच फेऱ्या झाल्या असतील, तर २० आणि १२ दिवसही रांगेत आले. ५ दिवसांचंच ठेवा, त्यातही हे पाचही पीरियड वेगळे दिसतात, पण शुक्रवारच्या आत सरांचा फोन उचला.