एलियनचं कातडं जाड केलं म्हणजे गेम अवघड होतो का?

धूमकेतू_१२:
काल रात्री एका स्पेस गेमच्या शेवटच्या बॉसशी, म्हणजे सगळ्यात तगड्या शत्रूशी, वीस मिनिटं झुंजत होतो आणि त्यातली अठरा मिनिटं मी फक्त बटण दाबून धरलं होतं, बाकी काही नाही. आधीच्या मिशनमध्ये ज्या रेलगनने (दारूऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ) अख्खं मालवाहू यान आरपार फोडलं तीच रेलगन या किड्याला गुदगुल्या करत होती. का, तर तो बॉस आहे म्हणून. अरे मग ती रेलगन आहे की पिचकारी?

शस्त्र काय करतं ते गेमने एकदा दाखवलं की मग ते पाळावं, एवढंच म्हणणं आहे. १ किलोचा गोळा सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आदळला तर साडेचार मेगाज्यूल होतात, म्हणजे जवळपास तेवढ्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकाइतकी ताकद, तीही आत दारूचा कण नसताना. असला गोळा अंगावर घेऊन प्राणी नुसता लाल चमकतो आणि डोक्यावरची जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी केसभर सरकते, हे पटत नाही राव. शत्रू अवघड करायचाय ना, मग त्याला डोकं द्या. १९९८ च्या फ्रीस्पेस गेममध्ये शिवन नावाचे एलियन पहिल्यांदा येतात तेव्हा आपलं टार्गेटिंग त्यांच्यावर लॉकच होत नाही, आणि त्यांच्या शिल्डमुळे (यानाभोवतीचं ऊर्जेचं कवच) आपल्या गोळ्या वाया जातात. जाम भीती वाटते. पण ते का होतंय याला कारण असतं, पुढे आपल्यालाही शिल्ड मिळतं, आणि मग तेच शिवन जरा आवाक्यात येतात. फसवल्यासारखं वाटत नाही.

तिरपागडा:
साफ असहमत. फिजिक्स पाहिजे तर पूर्ण घ्या, सोयीपुरतं नको. अंतराळातली खरी लढाई इतक्या लांबून होईल की समोरचा तुम्हाला दिसणारही नाही. लेझरची रेघ निर्वातात बाजूने दिसत नाही, स्फोटाचा आवाज येत नाही. बरं लेझर तरी किती लांब चालणार, १ मीटरचा आरसा आणि १ मायक्रॉनची तरंगलांबी धरली तर १० हजार किलोमीटरवर त्याचा ठिपका पंचवीसेक मीटरचा होतो, म्हणजे समोरच्याला नुसतं ऊन लागल्यासारखं. चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ नावाचा २०१६ चा गेम आहे, त्यात हे सगळं आहे, यानाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसकट. एलियन नाहीत. मी चार तास खेळलो, परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं वाटलं.

आणि दुसरं म्हणजे, जी जमात तारे ओलांडून आलीये ती तुमच्या रेलगनला भीक घालेल? गोळी लागून काही न होणं हेच उलट पटण्यासारखं आहे.

रिकामी_मॅगझिन:
पिचकारी!! मेलो हसून. धाग्याला +१

धूमकेतू_१२:
@तिरपागडा मी 'खरं' म्हटलंच नव्हतं, 'पटेल असं' म्हणतोय. २००८ चा डेड स्पेस गेम घ्या. प्लाझ्मा कटर हे खाणकामाचं अवजार, आणि डोक्यात मारून उपयोग नाही, हातपाय कापायचे. नियम चमत्कारिक आहे, पण गेम तो शेवटपर्यंत सोडत नाही, म्हणून पटतो. तुमच्या जमातीला गोळी लागत नसेल तर खुशाल लागू नका देऊ, पण मग पहिल्या मिशनपासून लागू नका देऊ!

शुक्रचांदणी:
मी मधेच तोंड घालते. हेलो या गेमच्या (२००१) टीमने त्यांच्या टेस्टिंगचा किस्सा सांगितला होता, एआय (शत्रूंचं वागणं ठरवणारा प्रोग्राम) तोच ठेवून शत्रूंची तब्येत वाढवली तर खेळणाऱ्यांना ते शत्रू जास्त हुशार वाटायला लागले. आता विचार करा, दोन गोळ्यांत आडवा झालेला एलियन आडोसा घेतोय, ग्रेनेड चुकवतोय हे तुम्हाला दिसणार कधी? म्हणजे धूमकेतू म्हणतायत तसं डोकं द्यायचं तर ते दाखवायला त्याला जरा वेळ जगवावंच लागतं. वीस मिनिटं मात्र अति आहेत, आणि त्यात तो नुसता उभा असेल तर त्याला बॉस नाही, भिंत म्हणतात.

तिरपागडा:
घ्या, ऐका!

धूमकेतू_१२:
हा मुद्दा मान्य, बराच मान्य. पण वेळ जगवायचा तर त्याला चुकवू दे ना गोळी, खाऊन पचवू कशाला दे.

गनर_०७:
सगळे शत्रूबद्दलच बोलताय, माझ्या मते शस्त्राच्या अडचणी खऱ्या ठेवल्या की निम्मं बॅलन्स तिथेच होतं. सोव्हिएत लोकांनी सॅल्यूत-३ या अंतराळ स्टेशनवर खरोखर तोफ बसवली होती आणि १९७५ मध्ये ती कक्षेत उडवलीसुद्धा. पण तोफ पक्की बसवलेली, नेम धरायचा तर अख्खं स्टेशन वळवायचं, आणि झटक्याने स्टेशन हलू नये म्हणून इंजिन लावायचं. हे जसंच्या तसं गेममध्ये टाका. बॉसला चिलखत द्यायची गरजच नाही, तुम्ही यान वळवेपर्यंत तो मागे गेलेला असेल. तसंच उष्णतेचं, निर्वातात वारा नाही, सगळी उष्णता किरणांनीच बाहेर टाकायची, म्हणजे सलग फायर केलं की स्वतःच भाजून निघणार. बटण दाबून धरायचा प्रश्नच मिटला.

तिरपागडा:
भाऊ, हे करून झालंय. मास इफेक्टच्या पहिल्या भागात (२००७) बंदूक गरम व्हायची, थांबलं की थंड व्हायची, गोळ्या संपायच्या नाहीत. मस्त कल्पना. दुसऱ्या भागात (२०१०) थर्मल क्लिप (बंदुकीची उष्णता शोषणाऱ्या, बदलायच्या कांड्या) आणल्या, म्हणजे नावाला उष्णता, कामाला मॅगझिनच. का बदललं असेल? कारण भिंतीमागे बसून बंदूक गार व्हायची वाट बघणं ही काय लढाई आहे?

गनर_०७:
आणि त्या बदलावर अजून भांडणं चालतात तेही सांगा की. २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ मध्ये रेलगनच कमजोर केली तर लोक केवढे खवळले, शेवटी काही महिन्यांनी ढीगभर शस्त्रं परत तगडी करावी लागली. हातातलं हत्यार कुणी काढून घेतलेलं आवडत नाही माणसाला, शत्रू कितीही वाढवा.

रिकामी_मॅगझिन:
ते सगळं ठीक आहे पण धूमकेतू, तो बॉस मेला का शेवटी?

धूमकेतू_१२:
मेला. वैतागून डिफिकल्टी 'इझी'वर टाकली, रेलगनच्या तीन गोळ्यांत गेला.

आता खरं सांगतो, लगेच शुक्रचांदणीबाईंच्या बाजूने धरू नका, पण तो इतक्या पटकन गेला तेव्हा मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो, की हा दुसऱ्या टप्प्यात काय करणार होता?