'गुप्त माहितीच्या आधारे' म्हणजे नक्की कोणाच्या?

मुद्राराक्षस_मारणारा

मी एका दैनिकात मुद्रितशोधन करतो. 'गुप्त माहितीच्या आधारे सापळा रचून' हे शब्द मी इतक्या वेळा तपासलेत की आता डोळे मिटूनही शुद्धलेखन सांगेन. ड्रग्ज पकडल्याच्या प्रत्येक बातमीत हेच. परवा उपसंपादकाला विचारलं तर म्हणाला, "प्रेसनोटमध्ये आहे, राहू दे."

ही माहिती येते कुठून? खबरी, फोन टॅपिंग, की दुसऱ्या देशाकडून? आणि ती एवढी पक्की असते तर काही वर्षांनी तेच आरोपी निर्दोष कसे सुटतात? कुणी आतलं जाणकार असेल तर सांगा.

जुनी_फाईल

एका केंद्रीय तपास यंत्रणेत 26 वर्षं काढली. नाव सांगत नाही, निवृत्ती सुखाची चालली आहे.

खबरी असतोच. पण लोकांना वाटतं तसा तो कोपऱ्यावर विडी ओढत उभा नसतो. बऱ्याचदा तो त्याच धंद्यातला, पैसे बुडालेला किंवा भागीदाराशी बिनसलेला. त्यामुळे त्याची टीप घेताना आधी बघायचं की हा कोणावर सूड उगवतोय. माझ्या हिशेबानं दहातल्या सात टिपा निव्वळ भांडणं होती.

मोठा माल मात्र पुष्कळदा कागदातून पकडला जातो. मुंद्रा बंदरात सप्टेंबर 2021 मध्ये डीआरआयनं, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयानं, दोन कंटेनरमधून 2988 किलो हेरॉइन पकडलं. कागदोपत्री ते अफगाणिस्तानातले अर्धप्रक्रिया केलेले टाल्कचे दगड, इराणच्या बंदर अब्बासहून आलेले. आयातदार कंपनी विजयवाड्याची. त्या तपासात मी नव्हतो, टीप कशी आली ते सांगू शकत नाही. पण समोर नकाशा ठेवा. आंध्रातल्या माणसाला दगड हवेत आणि ते उतरतात कच्छात! असं काही दिसलं की टेबलावरचा माणूस चहा बाजूला ठेवतो. आयात-निर्यात कोड कधी काढला, आधी कोणता माल आणला, मालाच्या किमतीपेक्षा भाडंच जास्त होतंय का, हे बघत बसणं हेच आमचं गुप्तहेरपण. पाठीला बाक आला त्यानं.

आता सुटण्याबद्दल. त्यातलं एक पाप माझंच आहे.

रात्री साडेआठला फोन आला की अमुक गोदामात चरस आहे, पहाटे हलणार. मी दोन पंच उचलले आणि निघालो. साडेतीन किलो मिळालं, तीन माणसं मिळाली, पंचनामा चोख झाला. फोनवर मिळालेली माहिती मात्र मी परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी लिहून काढली. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 42 सांगतं की माहिती मिळाली की ती लिहून काढा आणि प्रत वरिष्ठांना पाठवा. तेव्हा कायद्यात 'ताबडतोब' होतं, 2001 च्या दुरुस्तीनंतर 72 तास झालं. शिवाय सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घुसायचं तर वॉरंटसाठी थांबलो तर काय बिघडेल याची कारणंही लिहायची. तीही नव्हती. उलटतपासणीत वकिलानं एवढंच विचारलं, "साहेब, तुम्हाला माहिती मिळाली होती याचा झडतीपूर्वीचा एक कागद दाखवा." नव्हता. तिघेही सुटले.

काळा_डगला

मी बचाव पक्षाकडून एनडीपीएसची कामं चालवतो, त्यामुळे जुनी_फाईल यांच्या फायली हाच आमचा रोजगार. :)

दोन दुरुस्त्या. एक, 42 बंद जागेसाठी आहे. रस्त्यावर, स्टेशनात, सार्वजनिक ठिकाणी पकडलं तर 43 लागतं, तिथे हे लिखापढीचं बंधन नाही. म्हणूनच इतक्या केसेसमध्ये आरोपी 'रस्त्याच्या कडेला संशयास्पदरीत्या उभा' असतो! दोन, आता नुसता उशीर झाला म्हणून केस पडत नाही. 2009 च्या कर्नेल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं म्हटलंय की समाधानकारक खुलासा असेल तर विलंब चालेल, अजिबात पालन न करणं चालणार नाही.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर: खबरी कोण हे मीही कोर्टात वदवून घेऊ शकत नाही. कलम 68 प्रमाणे माहिती कुठून मिळाली हे सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. म्हणून आम्ही 'कोण' सोडून 'केव्हा' विचारतो.

साधा_सरळ

हे सगळं ठीक, पण पकडला जातो तो ड्रायव्हर किंवा हमाल. गोदामाचा मालक कधी दिसलाय? एवढी माहिती असते तर वरचा का मिळत नाही?

जुनी_फाईल

@काळा_डगला, 'केव्हा' विचारणारे तुम्हीच भेटला होतात की काय मला! दुरुस्त्या मान्य.

@साधा_सरळ, बोचलं, पण खरं आहे. त्यासाठी कलम 50अ आहे, नियंत्रित वितरण. माल पकडायचा नाही, नजरेखाली पुढे जाऊ द्यायचा आणि घेणाऱ्यापर्यंत पोचायचं. परवानगी एनसीबीच्या (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या) महासंचालकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात गाडी टोलनाक्यावर नजरेआड झाली की पोटात गोळा येतो. माल हातचा गेला तर उत्तर मी देणार, आणि आत्ता पकडला तर संध्याकाळी फोटो. बहुतेक जण फोटो निवडतात. मीही निवडलेत.

आधी ड्रायव्हरच्याच जबाबावर वरचा गोवता यायचा. 2020 च्या तोफान सिंग निकालानंतर कलम 67 खाली तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. आता कॉल रेकॉर्ड, बँक खाती, कागद जमवावे लागतात. काम वाढलं, पण माझ्या मते बरं झालं.

मुद्राराक्षस_मारणारा

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं विचारतो: गोदामाची टीप देणाऱ्याचं पुढे काय झालं?

जुनी_फाईल

जप्तीनंतर बक्षिसाचा थोडा भाग मिळाला त्याला. उरलेला शिक्षेनंतर मिळायचा, शिक्षाच झाली नाही. निकालानंतर एकदा फोन करून म्हणाला, "साहेब, मी तर वेळेवर सांगितलं होतं." पुन्हा केला नाही. तो पीसीओवरून बोलायचा, त्यामुळे मला उलट फोन करायला नंबरही नव्हता.