मदत हवी आहे: बाटलीच्या कमळांवरचा रंग टिकत नाही

गणपतीच्या मखरासाठी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांची कमळं करतेय. थर्माकोल २०१८ पासून बंदच आहे, आणि या बाटल्यांचा तळ मुळातच पाच पाकळ्यांचा, त्यामुळे काम अर्धं झालेलंच असतं. कड मेणबत्तीच्या आचेवर जरा धरली की छान वळते (फार जवळ नेली तर काजळी धरते).

घोडं अडलंय ते रंगावर. साधा अ‍ॅक्रिलिक लावते. वाळल्यावर झकास दिसतो, पण नख लागलं की अख्खा पापुद्रा सुटून येतो, वळलेल्या कडेवर तर आपोआपच. लेबलचा गोंद खोबरेल तेलाने काढून बाटल्या साबणाने स्वच्छ धुतल्यात, तेलकटपणा नाही. बारीक पॉलिश पेपरने घासलं तर रंग धरतो, पण प्लास्टिक धुरकट होतं. आत एलईडीची माळ सोडायचीय, म्हणून उजेड आरपार यायला हवा.

स्प्रे नको, एकच खोली, घरात तान्हं बाळ आहे. ब्रशनेच लावता येईल असं सांगा. क्रॉफर्ड मार्केटला जाऊ शकते.

तर पारदर्शकपणा न घालवता या प्लास्टिकवर, पावसाळी दमट हवेतही टिकेल असा प्रायमर कोणता? की सरळ ग्लास कलर घेऊ? आणि रंग पाकळ्या वळवण्याआधी लावायचा की नंतर?