खणाच्या चिंध्यांचं पोस्टकार्ड

प्रश्न:
गुळेदगुड्डच्या खणाचे पिशवीभर तुकडे साठलेत. त्यातून कापडी पोस्टकार्ड करून नागपूरच्या मावशीला धाडलं. पोचलं, पण कडेचे धागे सुटून दाढी आल्यासारखं! पत्ताही फुटला. चुकलं कुठे?

प्रतिसाद:
ताई, आत काय घातलंत? मी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घालते, 14 × 9 सेंटीमीटर. वर खण, मागे जाड कागद. पत्ता कागदावरच लिहायचा, कापड शाई पितं. कडेने झिगझॅग दोनदा मारा, पण टाका लांब ठेवा. बारीक टाक्याने पुठ्ठ्याला भोकंच भोकं पडतात आणि तो तिकिटासारखा फाटतो. माझी दोन कार्डं अशीच गेली. आणि त्या सुईने नंतर फॉल लावू नका, कागदावर चालून बोथट झालेली असते.

प्रश्नकर्ती:
अहो, मी नुसत्या खळीने चिकटवलं होतं! टाका एकही नाही.

दुसरा प्रतिसाद:
मग दाढी येणारच. आरसे, मणीही नकोत, शिक्का मारताना फुटतात. आणि 50 पैशांत जाईल असं धरू नका, खिडकीवर वजन करून पाकिटाएवढं तिकीट लावा.

प्रश्नकर्ती:
मावशीने तरी देवघराशेजारी लावलंय, दाढीसकट.