शनिवारी गच्चीवर 'आर्मागेडॉन'

सई (ए-२०२): शनिवारी ८.३० ला गच्चीवर पडदा लावतोय. 'आर्मागेडॉन', हिंदी डब. चटया आपापल्या आणा 🍿

पाटणकर काका (बी-४०१): १९९८चा तो? टेक्सासएवढा लघुग्रह येतोय आणि जगाला कळतं १८ दिवस आधी! अगं, सगळ्यात मोठा लघुग्रह सेरेस, ९४० किमीचा. तो १८०१ सालीच सापडला. टेक्सास त्याहून मोठं. एवढं धूड येताना कुणालाच दिसू नये?

मंदार (सी-१०३): काका, डोकं चपलांबरोबर जिन्यातच काढून या.

पाटणकर काका: काढतो. पण लघुग्रहाला ८०० फूट भोक पाडून त्यात अणुबॉम्ब ठेवणार म्हणे. २५ वर्षं बोअरच्या धंद्यात घालवली रे मी. आपल्या सोसायटीच्या बोअरला १८० फुटांवर बिट अडकला, आठवतंय ना?

नीता वहिनी (बी-३०२): न आठवायला काय झालं! सगळी धूळ माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर. दोन किलो उडदाचे होते.

पाटणकर काका: कॉम्प्रेसरची हवा ती, भुकटी वर येणारच. मुद्दा असा, की २० टनांची गाडी स्वतःच्या वजनाने दाब धरते. सेरेसवर गुरुत्वाकर्षण आपल्या पस्तिसाव्या हिश्श्याइतकं. तिथे तीच गाडी भरेल पाच-सहाशे किलो. हातोडा सुरू केला की भोक राहिलं बाजूला, गाडीच टुणकन उडेल.

सई: 😂😂 त्यात काम केलेल्या बेन अ‍ॅफ्लेकलाही शंका आली होती. तेलविहिरी खोदणाऱ्यांना अंतराळवीर करण्यापेक्षा अंतराळवीरांनाच खोदायला शिकवणं सोपं नाही का, असं त्याने विचारलं. दिग्दर्शक मायकल बेने त्याला गप्प बसवलं. डीव्हीडीवरच्या कॉमेंटरीत त्यानेच सांगितलंय.

पाटणकर काका: अ‍ॅफ्लेकचं चुकलं. हातोड्याचा आवाज बदलला, की काळा पाषाण संपून मऊ मांजऱ्या खडक लागला हे कानाला कळावं लागतं. ते पंधरा दिवसांत कुणाला शिकवून येत नाही. अख्ख्या पिक्चरात तेवढंच खरं आहे.

मंदार: म्हणजे काकांनी पाहिलाय. किती वेळा?

पाटणकर काका: चार.

नीता वहिनी: मी केशरी सूट घालून सगळे हळूहळू चालत येतात त्यासाठी बघते. आणि शेवटी बाप-लेकीचं बोलणं सुरू झालं की माझा पदर ओला. त्या वेळी कुणी मधे फिजिक्स काढायचं नाही, आधीच सांगते.

अथर्वची आई (ए-५०१): अथर्व विचारतोय, खरंच लघुग्रह आला तर?

मंदार: सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट यान डिमॉर्फसवर मुद्दाम आदळवलं. साधारण १६० मीटरचा दगड. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. बॉम्ब नाही, बोअर नाही, नुसता धक्का.

पाटणकर काका: छान. पण धक्क्यावर अडीच तास निघत नाहीत.

सेक्रेटरी: १० नंतर स्पीकर बंद. गेल्या वेळी तक्रार आली होती.

सई: सर, पिक्चर ११ ला संपतो! लघुग्रह फुटताना आवाजच नाही?

पाटणकर काका: असू दे. तिथे हवा कुठाय आवाज यायला.